ई-कॉमर्स प्रणाली अभियांत्रिकी : पदव्युत्तर शिक्षणाची वाट

ऑनलाइन तिकीट काढताना खात्यातून पैसे वजा होतात आणि तिकीट मात्र हाती येत नाही, हा अनुभव अनेकांना आलेला असतो. बँक, पेमेंट गेटवे आणि विक्रेता या तीन स्वतंत्र यंत्रणांपैकी एकीचा निरोप दुसरीपर्यंत न पोहोचल्यास असा घोटाळा होतो. अशा फसलेल्या व्यवहारांसाठी भारतीय रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये मुदती ठरवून दिल्या. कार्डाने केलेल्या ऑनलाइन खरेदीत रक्कम पाच दिवसांत परत न झाल्यास पुढील प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई देण्याची तरतूद त्यात आहे. मात्र मुळात अशी चूक होऊच नये, यासाठी यंत्रणेची आखणी करणे हा ई-कॉमर्स प्रणाली अभियांत्रिकीचा विषय होय.

अभ्यासक्रमाचे स्वरूप

संकेतस्थळ तयार करणे हा या शाखेचा केवळ दर्शनी भाग आहे. डेटाबेसमधील व्यवहार एक तर पूर्ण व्हावा अथवा मुळीच होऊ नये, हे तत्त्व येथे पायाभूत मानले जाते. त्याच्या जोडीला वितरित संगणन, नेटवर्क सुरक्षा, माहितीचे विश्लेषण आणि पुरवठा साखळीचे व्यवस्थापन यांचा अभ्यास असतो. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शामीर व एडलमन यांनी मांडलेली ‘आरएसए’ ही सांकेतिक पद्धत सुरक्षित व्यवहार समजून घेण्यासाठी आजही शिकवली जाते. डिजिटल स्वाक्षरीला मान्यता देणारा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० हाही विद्यार्थ्यांना ठाऊक असावा लागतो.

प्रवेश

भारतात एम.टेक.साठी संगणकशास्त्र किंवा माहिती तंत्रज्ञानातील अभियांत्रिकी पदवी व ‘गेट’ परीक्षेतील गुण हा प्रमुख मार्ग आहे. ‘गेट’चे गुण तीन वर्षे ग्राह्य धरले जातात. एम.टेक.चा पूर्णवेळ अभ्यासक्रम साधारणतः दोन वर्षांचा असून, त्यात प्रबंध अथवा प्रकल्पाला मोठे महत्त्व असते.

नावापेक्षा आशय महत्त्वाचा

अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाने १९९९ मध्ये इलेक्ट्रॉनिक कॉमर्समधील पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. पुढे त्याचे नावही बदलले. २००० नंतर डॉट-कॉम कंपन्यांचा फुगा फुटल्यावर ‘ई-कॉमर्स’ या शब्दाची मोहिनी ओसरली होती, व्यवहार मात्र वाढतच राहिले. भारतात रेल्वेची ऑनलाइन तिकीटविक्री २००२ मध्ये आणि ‘यूपीआय’ २०१६ मध्ये सुरू झाली.

त्यामुळे पदवीच्या नावावर भाळून शुल्क भरण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी विषयांची यादी, प्रयोगशाळा आणि आधीच्या तुकड्यांचे प्रकल्प तपासून पाहावेत. वितरित प्रणाली, डेटाबेस व सुरक्षा हे विषय भक्कम असतील, तर संगणकशास्त्राची सर्वसाधारण एम.टेक. पदवीही या क्षेत्रात तितकीच उपयोगी ठरते. हा पाया कच्चा असेल, तर आकर्षक नावाची पदवी फार काळ साथ देत नाही.