मुंगीचा माग, उपमेचा बाजार

निसर्गाकडे बघून संगणकशास्त्रज्ञांनी ज्या रीती, म्हणजे अल्गोरिदम, तयार केल्या, त्यांचा इतिहास आज आपल्याला बघायचाय. उत्क्रांती, पक्ष्यांचे थवे, तापवून सावकाश थंड केलेला धातू, यादी मोठी आहे. सगळं एका व्याख्यानात बसणार नाही, म्हणून मी एकच धागा धरतो, मुंगीचा. या धाग्याच्या शेवटी एक प्रश्न आहे. आज या विषयात एम. टेक. किंवा पीएच. डी. करणाऱ्या प्रत्येकाने तो स्वतःला विचारावा, असं मला वाटतं.

गोष्ट सुरू होते ती मुंगीपासून नाही, वाळवीपासून. पियेर-पॉल ग्रासे नावाचे फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ वाळवीच्या वारुळाचा अभ्यास करत होते. कोडं असं, की वारूळ इतकं नीटस उभं राहतं, पण गवंडी कोण? मुकादम कोण? कोणीच नाही. १९५९ साली ग्रासे यांनी उत्तर मांडलं: कामगाराला हुकूम देतं ते आधी झालेलं काम. एका वाळवीने मातीचा गोळा ठेवला, की तो गोळाच पुढचीला सांगतो, ‘इथे ठेव.’ याला त्यांनी ‘स्टिग्मर्जी’ हा शब्द केला. आपल्याला हे काही नवीन नाही. मैदानातल्या गवतातून पायवाट कशी पडते? कोणी आखत नाही. चार लोक गेले, गवत दबलं, पाचवा तिकडूनच जातो. बस्स, तेच.

आता येऊ या ब्रुसेल्सला, १९८० च्या दशकाच्या शेवटी. ज्याँ-लुई देन्युबूर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अर्जेंटिनी मुंग्यांवर एक साधा प्रयोग केला. एका बाजूला वसाहत, दुसऱ्या बाजूला खाणं, मध्ये दोन फाटे असलेला पूल. मुंगी चालताना फेरोमोन नावाचं गंधद्रव्य सोडते आणि जिथे वास जास्त, तिकडे वळण्याची तिची शक्यता जास्त. दोन्ही फाटे सारखे असतील तर काय होईल? तुम्ही म्हणाल, निम्म्या इकडे, निम्म्या तिकडे. तसं होत नाही. सुरुवातीला योगायोगाने एका फाट्यावर चार मुंग्या जास्त जातात, तिथला वास वाढतो आणि थोड्या वेळात जवळजवळ सगळी रांग त्याच फाट्यावर.

मग त्यांनी एक फाटा दुप्पट लांब केला. आता बहुतेक वेळा आखूड फाटा जिंकला. कारण सोपं आहे. आखूड फाट्याने गेलेली मुंगी लवकर परत येते, म्हणून तिथला माग आधी दाट होतो. मुंगीने काही मोजलं नाही, रस्त्याने स्वतःच स्वतःला मोजून घेतलं.

पण खरी गंमत तिसऱ्या प्रकारात आहे, आणि लोक नेमकी तीच विसरतात. आधी फक्त लांब फाटा ठेवला. अर्ध्या तासाने आखूड फाटा जोडला. काय झालं? मुंग्या बहुतांशी लांब रस्त्यानेच जात राहिल्या! जुना माग इतका दाट झाला होता, की शेजारची जवळची वाट असून नसल्यासारखी. फेरोमोन उडून जायला फार वेळ लागतो. म्हणजे मुंगी शहाणी आहे, पण हट्टीही आहे.

याच सुमारास मिलानमध्ये मार्को डोरिगो हा तरुण संशोधक एका जुन्या कोड्याशी झुंजत होता. फिरत्या विक्रेत्याने सगळ्या गावांना एकदाच जाऊन, कमीत कमी अंतरात घरी कसं परतायचं? दहा गावं असतील तर वेगवेगळ्या फेऱ्या होतात १,८१,४४०. वीस गावं झाली, की हा आकडा जातो ६० हजार लाख कोटींच्या वर. सेकंदाला एक कोटी फेऱ्या तपासणारं यंत्र घेऊन एकेक तपासत बसलात, तर १९० वर्षांहून जास्त लागतील.

डोरिगो, कोलोर्नी आणि मनिएत्सो यांनी संगणकात खोट्या मुंग्या सोडल्या. १९९२ साली डोरिगोंचा प्रबंध आला, १९९६ साली ‘अँट सिस्टिम’वरचा प्रसिद्ध शोधनिबंध. आता बघा, त्यांनी मुंगीची नक्कल केली का? अर्धीच केली. खोट्या मुंगीला आठवण दिली, कोणती गावं झाली हे तिला कळतं. ती माग सोडते तो अख्खी फेरी संपल्यावर, आणि फेरी जितकी आखूड तितका माग दाट. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, दर फेरीला जुन्या मागाचा ठरावीक हिस्सा पुसून टाकला. खरी मुंगी जिथे अडकली होती, तिथेच गणिताने तिची साथ सोडली. विसरणं हा इथे दोष नाही, तो सगळ्या पद्धतीचा कणा आहे.

तरीही पहिली आवृत्ती मोठ्या कोड्यांवर तेव्हाच्या उत्तम पद्धतींपुढे फिकी पडली. ती सुधारली डोरिगो आणि गाम्बार्देला यांनी, तसंच श्ट्यूत्स्ले आणि होस यांनी: चांगल्या फेऱ्यांना जास्त वजन, मागाला किमान-कमाल मर्यादा, आणि वर स्थानिक सुधारणेची जोड. यातलं किती मुंगीकडून आलं? फारसं काही नाही. ते आलं घासून-पुसून केलेल्या प्रयोगांतून.

इथून गोष्टीला वेगळं वळण लागतं. मुंगी गाजली, आणि मग प्राण्यांची जत्राच भरली. काजवा, वटवाघूळ, लांडगा, देवमासा. नवा प्राणी आला, की नवा अल्गोरिदम, नवा शोधनिबंध. २००१ मध्ये तर वादकांच्या सुरावटीवरून ‘हार्मनी सर्च’ आला. २०१० साली डेनिस वायलँड यांनी त्याचं गणित उकलून दाखवलं, की हा तर ‘इव्होल्यूशन स्ट्रॅटेजी’चाच एक विशेष प्रकार. ती पद्धत १९६० च्या दशकात बर्लिनमध्ये रेखेनबर्ग आणि श्वेफेल यांनी सुरू केली होती. पुढे केनेथ सोरेन्सेन यांनी या उपमांच्या सुळसुळाटावर सणसणीत टीका केली. आणि २०२३ मध्ये लांडगा, पतंग, देवमासा, काजवा, वटवाघूळ यांच्यासह सहा पद्धतींची झडती घेणारा निबंध आला. त्याच्या लेखकांत कोण? स्वतः डोरिगो. ज्याने मुंगी आणली, त्यालाच ही जत्रा आवरायला उभं राहावं लागलं.

आपल्याकडचं एक उदाहरण सांगतो. सुरतच्या एसव्हीएनआयटीतले आर. वेंकट राव यांनी २०१६ साली ‘जय’ नावाची पद्धत मांडली. तिच्यात ना प्राणी ना पक्षी. सगळ्यात चांगल्या उत्तराकडे सरका, सगळ्यात वाईटापासून दूर व्हा, एवढंच. २०२० मधल्या पुढच्या पद्धतींना तर त्यांनी ‘उपमाविरहित’ असंच म्हटलं. त्या किती चांगल्या, याची चर्चा वेगळी होऊ शकते. पण तिथे निदान सूत्र उघड्यावर आहे, त्यामुळे ते तपासता येतं.

कोणी म्हणेल, यात बिघडलं काय? नाव कोणतं का असेना! बिघडतं असं, की विद्यार्थ्याची तीन-चार वर्षं जातात आणि हाती येतं ते जुन्याच वस्तूवरचं नवं लेबल. शिवाय १९९७ साली वोल्पर्ट आणि मॅक्रेडी यांनी सिद्ध करून ठेवलंय, की सगळ्या शक्य कोड्यांची सरासरी काढली तर कोणतीच शोधपद्धत दुसरीपेक्षा सरस नाही. म्हणजे ‘माझा लांडगा सगळ्यात भारी’ या वाक्याला अर्थ नाही. कोणत्या कोड्यावर आणि का, हेच विचारायला हवं.

तर तो शेवटचा प्रश्न. तुमच्या अल्गोरिदममधला प्राणी खोडून टाका. लांडगा काढा, तिथे ‘उत्तर’ लिहा, शिकार काढा, ‘शोध’ लिहा. आता जे सूत्र उरलं, ते नवीन आहे का? मुंगीच्या बाबतीत काहीतरी उरलं होतं: माग सोडायचा, आणि तो पुसायचाही. निसर्गाकडून इशारा जरूर घ्यावा, पण हिशोब आपला आपणच द्यावा लागतो.

आता प्रश्न घेऊ या.