तैलविद्युत् आणि कर्बवायूची मोजणी

तेलावर चालणाऱ्या वीजकेंद्रातून निघणाऱ्या कार्बन डाय-ऑक्साइडची मोजणी परंपरेने धुराड्यापेक्षा इंधनाच्या जमाखर्चावरूनच होत आली आहे. या पद्धतीचे मूळ वीजनिर्मितीपुरते मर्यादित नव्हते. गाय कॅलेंडर या इंग्लंडमधील बाष्प-अभियंत्याने १९३८ साली, मागील अर्धशतकात इंधनज्वलनाने सुमारे १५,००० कोटी टन वायू हवेत मिसळला, असे प्रतिपादन केले. पुढे १९७३ मध्ये चार्ल्स कीलिंग यांनी संयुक्त राष्ट्रांच्या इंधनविषयक आकडेवारीच्या आधारे हा हिशेब अधिक काटेकोर केला.

तेलाच्या बाबतीत हे गणित विशेष सुकर ठरते. जड इंधनतेलात वजनाने सुमारे ८५ टक्के कार्बन असतो व १२ भाग कार्बनापासून ४४ भाग वायू होतो. म्हणून एक टन तेलामागे सुमारे ३.१ टन वायू निघतो. कोळशाच्या कार्बनाचे प्रमाण मात्र प्रतीनुसार बरेच बदलते.

अमेरिकेत १९९० च्या कायद्याने वीजकेंद्रांना या वायूची नोंद बंधनकारक झाली. धुराड्यांवर अखंड मापनयंत्रे बसली, तरी तेलावरील केंद्रांस इंधनावरून हिशेब करण्याची मुभा राहिली. अर्थात गुणक निश्चित असला, तरी हिशेबाची विश्वसनीयता अखेर तेलाच्या नोंदवहीवरच अवलंबून असते. नोंदीतून सुटलेले तेल वायूच्या हिशेबातूनही सुटते.