दस्ता

आमच्या धर्मग्रामाच्या जुन्या स्नानसंस्कार नोंदवहीची शिवण सुटली. पाठीच्या घड्या कापून पाने डिंकाने चिकटवावीत, असे एका दुकानात सुचवण्यात आले. परभणीतील एका वृद्ध बांधणीकाराने मात्र मान हलवली. “घडी कापली की पान सुटं झालं, फादर. आणि पान गेलं की माणूस गेला. एक दस्ता कोरा कागद आणा; घड्यांना पट्ट्या लावून शिवून देतो.” कागदाच्या दुकानातील तरुणाने मला विचारले, “दस्ता म्हणजे किती?”

चोवीस ताव! आमच्या पिढीने शाळेच्या वह्या दस्ते आणून घरीच शिवल्या.

फारसीत ‘दस्त’ म्हणजे हात. संस्कृत ‘हस्त’ त्याचा सख्खा भाऊ. दस्ता म्हणजे मुठीत मावेल एवढे. गुलदस्ता, हावनदस्ता, शिपायांची तुकडी आणि कागदांची चळत ही सारी त्याच मुठीतली. दस्तखत, दस्तऐवज आणि जबरदस्तही त्याच घरचे. कागदही आपल्या मराठवाड्याचाच. दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यात चिंध्या कुटून लगदा करीत, चाळणीवर ताव उचलीत आणि वाळल्यावर खळ लावून दगडाने घोटीत. १३२७ साली महंमद तुघलकाने राजधानी हलवली तेव्हा हे कारागीर आले, अशी तेथील परंपरा आहे. वीस दस्त्यांचे एक रीम. हा इंग्रजी वाटणारा शब्द मूळचा अरबी ‘रिज्मा’, म्हणजे गठ्ठा. तो स्पेनमार्गे युरोपात गेला.

दस्त्याला इंग्रजीत ‘क्वायर’ म्हणतात. त्याचे मूळ लॅटिन, अर्थ ‘चार-चार’. चार ताव मधोमध दुमडले की आठ पाने होतात, आणि दोरा घडीतून जातो. चौथ्या शतकातील ‘कोडेक्स सिनायटिकस’ हे चर्मपत्रावरील बायबल बहुतांशी अशाच चौकड्यांचे आहे. गंमत अशी की प्रेषितांच्या कृत्यांत (१२:४) हेरोद संत पेत्राला चौघाचौघांच्या चार तुकड्यांच्या हवाली करतो, तेथे लॅटिन बायबलात ‘क्वातेर्नियो’ हाच शब्द आहे. पुढे ग्रंथाच्या चौकडीलाही तोच लागला. फारसी दस्ताही शिपायांचा आणि कागदांचाही! एक हातावरून आला, दुसरा चारावरून. नाते काही नाही, निव्वळ योगायोग. प्रवचनात सांगण्याचा मोह मी कसाबसा आवरला.

नोंदवही पंधरा दिवसांनी परत आली. एकही पान कमी नव्हते. उरलेले सात तावही म्हाताऱ्याने मोजून परत दिले.