ख्रिसमस कॅक्टस

ख्रिसमस कॅक्टस : थंडीच्या तोंडावर फुलणारे, बोचरे काटे नसलेले, कुंडीत लावले जाणारे निवडुंग. कुल कॅक्टेसी, प्रजाती श्लुम्बर्गेरा. मूळ स्थान ब्राझीलच्या आग्नेय किनाऱ्यालगतचे डोंगर, त्यातही रिओ दि जानेरोच्या मागची ऑर्गन पर्वतराजी. निवडुंग म्हटले की माळरान आणि रखरखीत ऊन डोळ्यांपुढे येते. हे झाड त्यातले नाही. दमट, सावलीच्या रानात झाडांच्या बेचक्यांत आणि खडकांच्या कपारींत साठलेल्या पालापाचोळ्यावर ते वाढते. आपल्याकडे पावसाळ्यातल्या रात्री ज्याचे फूल पाहायला शेजारीपाजारी जमतात ते घरगुती ब्रह्मकमळ, म्हणजे एपिफायलम, याच कुळातले. दोघांतही पान म्हणून दिसते ते खरे तर चपटे झालेले खोड असते. ख्रिसमस कॅक्टसमध्ये या खोडाची बोटभर लांबीची पेरे एकाला एक जोडून माळेसारखी लोंबतात आणि शेवटच्या पेराच्या टोकाला फूल येते. ब्रह्मकमळाचे फूल एका रात्रीचे. याचे काही दिवस टिकते.

इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ एड्रियन हॉवर्थ याने यातील ट्रंकाटा जातीचे वर्णन १८१९ मध्ये केले. १८३७ मध्ये जॉर्ज गार्डनर याला ऑर्गन पर्वतात रसेलियाना ही दुसरी जाती सापडली. या दोहोंच्या संकरातून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमध्ये बकलेयी हा प्रकार तयार झाला. जुन्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला ख्रिसमस कॅक्टस तो हाच. श्लुम्बर्गेरा हे नाव शार्ल लमेर याने १८५८ मध्ये फ्रेडेरिक श्लुम्बर्गर या फ्रेंच निवडुंगसंग्राहकावरून दिले. आज रोपवाटिकेत ख्रिसमस कॅक्टस या नावाने मिळणारे रोप बहुधा ट्रंकाटा गटातले असते. ओळख सोपी आहे : पेराच्या कडेला टोकदार दात आणि फुलात पिवळे पराग असतील तर ट्रंकाटा, कडा गोलसर आणि पराग गुलाबी असतील तर बकलेयी.

फूल येण्याचे गमक रात्र. शेवंतीप्रमाणेच हे लहान दिवसात फुलणारे झाड आहे. दिवस लहान झाला याचा अर्थ झाडापुरता एवढाच की सलग अंधार लांबला. पेशींतले फायटोक्रोम हे रंगद्रव्य तो अंधार मोजते, आणि मध्येच उजेड पडला की मोजणी बिघडते. भरपूर खत, नवी माती, मोठी कुंडी असे सगळे करूनही वर्षानुवर्षे हिरवेगार राहणारे, पण न फुलणारे झाड अनेक घरांत असते. अशा वेळी खताआधी वरचा दिवा तपासावा. गॅलरीत रात्री अकरापर्यंत ट्यूब जळत असेल, तर त्या झाडासाठी थंडीचे दिवस आलेच नाहीत असे समजावे.

बागकामाची इंग्रजी पुस्तके वाचून, हे थंड देशातले झाड आपल्याकडे कसे फुलणार, असा समज होतो. तो चुकीचा आहे. रिओ विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे २३ अंशांवर, तर नागपूर उत्तरेला २१ अंशांवर. रात्रीच्या लांबीचा विचार करता महाराष्ट्र या झाडाला लंडनपेक्षा कितीतरी घरचा. ब्राझीलमध्ये याला ‘मे महिन्याचे फूल’ म्हणतात. तिथला मे म्हणजे ऋतूच्या हिशेबाने आपला नोव्हेंबर. आपल्याकडे उणीव असते ती डोंगरातल्या गारव्याची आणि दिव्यांपासून मोकळ्या रात्रीची.

रात्रीचे तापमान १० ते १५ अंश सेल्सियसच्या दरम्यान असेल तर अंधाराची अट बरीच सैल होते. १५ ते २० अंशांत लांब रात्र हवीच. त्याहून उकाडा असेल तर कळ्या कमी धरतात किंवा धरतच नाहीत. म्हणून पुणे, नाशिक, महाबळेश्वरकडे हे झाड सहज फुलते, तर मुंबईत आणि कोकणपट्टीत ऑक्टोबरच्या उकाड्यामुळे उशीर होतो. तिथे घरातली सर्वांत गार, वारा खेळता असलेली जागा निवडावी.

दसऱ्याच्या सुमारास खत पूर्ण थांबवावे. फांद्यांच्या टोकांची नखाएवढी कोवळी पेरे पिळून काढून टाकावीत. त्यांच्यावर कळी धरत नाही, आणि ती काढली की मागची पक्की पेरे कळ्यांना लागतात. मग रोज संध्याकाळी पाचला कुंडीवर पुठ्ठ्याचा खोका किंवा दुहेरी काळे कापड घालावे आणि सकाळी आठला काढावे. दिवसा मात्र चांगला, पण थेट उन्हाचा नसलेला उजेड द्यावा. चोवीस तास अंधाऱ्या खोलीत ठेवलेले झाड फुलत नाही. मातीचा वरचा थर सुकला की पाणी घालावे, नेहमीपेक्षा जरा हात राखून. हे सुमारे सहा आठवडे करावे, आणि एकही रात्र चुकवू नये.

पुढे एखाद्या सकाळी पेराच्या टोकाला तांदळाच्या कणीएवढे काहीतरी दिसते. ते चपटे आणि पोपटी असेल तर नवे पेर. गोलसर, टोकदार आणि तांबूस झाक असलेले असेल तर कळी. कळ्या नीट दिसू लागल्यावर खोक्याची गरज उरत नाही, पण नवी काळजी सुरू होते. फुले पाहुण्यांना दिसावीत म्हणून कुंडी दिवाणखान्यात आणली जाते आणि आठवड्याभरात खाली कळ्यांचा सडा पडतो. जागा, उजेड, गारवा, पाणी यांतला अचानक बदल या झाडाला सोसत नाही. पिकत्या केळ्यांची फणी शेजारी असेल तर फळांतून निघणाऱ्या एथिलीन वायूनेही कळ्या गळतात. कळी धरली तिथेच फूल उमलू द्यावे. पांढऱ्या आणि पिवळ्या वाणांची फुले फार गारठ्यात गुलाबी झाक धरतात. तो रोग नव्हे.

फुले ओसरल्यावर महिनाभर पाणी कमी करावे. रोप वाढवायचे तर दोन-तीन पेरांचा तुकडा पिळून काढून, एक-दोन दिवस सावलीत सुकवून, कोकोपीट आणि पानखताच्या भुसभुशीत मिश्रणात खोचावा. मुळांना जरा दाटी असलेली कुंडी चालते. पावसाळ्यात झाड वळचणीला घ्यावे, कारण साचलेल्या पाण्याने मुळे कुजतात आणि पेरे सुरकुततात. तहानेनेही ती तशीच सुरकुततात; म्हणून पाणी ओतण्याआधी मातीत बोट घालून पाहावे.

काळजी घेतली तर हे झाड अनेक दशके जगते, आणि दर हिवाळ्यात फुलू शकते.