बाहेर उणे वीस, ताटात पालक : लडाखमध्ये हिवाळ्यात भाजी येते कुठून?

जानेवारीच्या मध्यावर आपल्याकडे भोगी असते. त्या दिवशीच्या भाजीत काय नसतं? वांगी, गाजर, पावटा, मटार, ओला हरभरा, शेंगदाणे, बोरं, वरून तीळ. मंडईत पाय ठेवायला जागा नसते. वर्षभरात भाजी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगली मिळते ती याच दिवसांत. त्यामुळे 'हिवाळ्यातली भाजीटंचाई' हे शब्द मराठी माणसाच्या कानाला चुकीचेच वाटतात.

पण त्याच दिवशी काश्मीरमध्ये 'चिल्लई कलां' चालू असतं. २१ डिसेंबरपासूनचे ४० दिवस, वर्षातले सर्वात कडक. आणि झोजिला खिंडीच्या पलीकडे लडाखमध्ये तर जमीन दगडासारखी गोठलेली असते. लेह शहर साधारण ३,५०० मीटर उंचीवर आहे. तिथे रात्री पारा उणे वीसपर्यंत जातो. शेतात हिरवं पान नाही, झाडं निष्पर्ण आणि खालून येणारा रस्ता बर्फाखाली.

मग ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या हिवाळ्यात खात काय होती? आणि आता काय खातात?

एकच पीक, तेही घाईघाईत

लडाखमध्ये वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो. पुण्या-मुंबईत हा आकडा पावसाळ्यातल्या एखाद्या दिवसाचा असू शकतो. शेती चालते ती वितळलेल्या बर्फाच्या पाण्यावर. पेरणी मे महिन्याच्या आसपास, काढणी सप्टेंबरपर्यंत. एवढ्या चार-पाच महिन्यांत जे पिकेल त्यावर उरलेले सात-आठ महिने काढायचे.

मुख्य रस्ते दोन. एक श्रीनगरहून झोजिलामार्गे, दुसरा मनालीहून. दोन्ही उंच खिंडींतून जातात आणि पूर्वी दोन्ही नोव्हेंबर-डिसेंबरला बंद झाले की वसंतातच उघडायचे. म्हणजे ऑक्टोबरपर्यंत घरात जे आलं ते आलं.

पहिला उपाय सगळ्यांना माहीत असलेला : वाळवण

उन्हाळा संपता संपता लडाखमधल्या घरांच्या सपाट छतांवर जर्दाळू पसरलेले दिसतात. लडाखी भाषेत जर्दाळूला 'चुली' म्हणतात. शाम भागात आणि कारगिलकडे त्याच्या बागाच्या बागा आहेत. तिथल्या 'रक्त्से कार्पो' या पांढऱ्या बीच्या जर्दाळूला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. गर वाळवायचा, बी फोडून तेल काढायचं, टरफलं जाळायला. फळातलं काही वाया जात नाही.

काश्मीर खोऱ्यात वाळवलेल्या भाज्यांना 'होख स्यून' असं नावच आहे. वांगी उभी चिरून, दुधी भोपळ्याच्या चकत्या करून, टोमॅटो कापून, सलगमच्या चकत्या दोऱ्यात ओवून. शरद ऋतूत खिडक्यांना आणि सज्जांना या माळा लटकलेल्या असतात. मग बर्फ पडलं की त्या कोमट पाण्यात भिजवून मटणात, डाळीत किंवा नुसत्या मसाल्यात शिजवायच्या.

हे वाचताना कोकणातल्या आणि गोव्यातल्या वाचकांना घरचीच आठवण होईल. आपल्याकडे टंचाईचा ऋतू हिवाळा नाही, पावसाळा. म्हणून चैत्र-वैशाखात आगोटीची बेगमी : कांद्याच्या माळा, आंबोशी, सुकट, सोडे, सांडगे. गोव्यात त्यालाच 'पुरुमेत' म्हणतात. ऋतू उलटा, युक्ती तीच. फरक एवढाच की आपला अडचणीचा काळ चार महिन्यांचा, आणि त्यातही शेवगा, टाकळा, अळू, कुर्डू अशी रानभाजी परसात उगवतेच. लडाखच्या जानेवारीत परसात काहीच उगवत नाही.

आणि नेमका हाच फरक जीवावर बेतू शकतो.

सुकी भाजी आहे ना, मग काय बिघडलं?

वाळवल्याने भाजीतलं पाणी जातं म्हणून ती टिकते. तंतू राहतात, लोह-कॅल्शियमसारखी खनिजं राहतात. पण क जीवनसत्त्व ऊन, हवा आणि उष्णता या तिन्हींपुढे टिकत नाही. आठवडाभर उन्हात वाळवलेल्या भाजीत ते फारसं उरत नाही. माणसाचं शरीर ते स्वतः तयार करू शकत नाही आणि फार काळ साठवूनही ठेवत नाही. ताजं काहीच न खाता दोन-तीन महिने गेले की हिरड्या सुजतात, रक्त येतं, सांधे दुखतात, जुन्या जखमा पुन्हा उघडतात. हा स्कर्व्ही. 'खलाशांचा रोग' म्हणून शाळेत शिकलेला.

पण तो फक्त खलाशांना झाला असं नाही. मराठी माणसांनी तो फार जवळून पाहिलाय, आणि ही गोष्ट आपल्याकडे क्वचितच सांगितली जाते.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या हिंदी सैन्याची सहावी डिव्हिजन, तिचं नावच 'पूना डिव्हिजन', आजच्या इराकमध्ये लढत होती. डिसेंबर १९१५ मध्ये ती टायग्रिस नदीकाठच्या कुत-अल-अमारा गावात तुर्की सैन्याच्या वेढ्यात अडकली. आत मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या : १०३, ११० आणि ११७. सगळा हिवाळा वेढ्यात गेला. ताजी भाजी नाही, फळ नाही. शिधा संपत आला तसे घोडे कापायला सुरुवात झाली. गोऱ्या सैनिकांनी ते मांस खाल्लं. बहुसंख्य हिंदी सैनिकांनी धर्माच्या आणि गावाकडे काय म्हणतील या भीतीने बराच काळ त्याला हात लावला नाही. ताज्या मांसात थोडं क जीवनसत्त्व असतं. परिणाम असा झाला की स्कर्व्हीने गाठलं ते मुख्यतः हिंदी सैनिकांना. वेढ्यातली माणसं नदीकाठचं गवत-पाला खुडून शिजवत होती. २९ एप्रिल १९१६ ला सैन्य शरण गेलं तेव्हा त्यातले कित्येक जण धड उभेही राहू शकत नव्हते.

त्याच युद्धाच्या काळात लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकारी या प्रश्नावर प्रयोग करत होत्या. त्यांना दोन गोष्टी दिसल्या. वाळवलेली कोबी स्कर्व्हीवर जवळपास निरुपयोगी. आणि दुसरी जास्त महत्त्वाची : कोरड्या कडधान्यात जवळजवळ काहीच नसतं, पण तेच कडधान्य भिजवून त्याला मोड आणले तर ते स्कर्व्ही रोखतं. बी अंकुरताना स्वतःच क जीवनसत्त्व तयार करतं.

थोडं थांबून विचार करा. मोड आलेली मटकी. ज्यांच्या घरी आठवड्यातून दोनदा उसळ शिजत होती, ती माणसं तिच्याविना आजारी पडली. कडधान्य पोत्यात टिकतं, त्याला रस्ता लागत नाही, ऊन लागत नाही, हवा असतो फक्त ओला फडका आणि दोन दिवस. एक अट आहे : मोड आल्यावर फार शिजवायचं नाही, नाहीतर आलेलं पुन्हा जातं.

मातीच्या पोटातली भाजी

तर वाळवण पोट भरतं, पण ताजेपणाची जागा घेत नाही. लडाखी लोकांना जीवनसत्त्वांची नावं माहीत नसतील, पण त्यांनी वाळवणाच्या जोडीला आणखी एक व्यवस्था ठेवली होती. तिचं नाव 'सादोंग', म्हणजे जमिनीतला खड्डा किंवा तळघर.

तत्त्व साधं आहे. वरची जमीन गोठते, पण काही फूट खाली तापमान शून्याच्या थोडं वरच राहतं. तिथे ओलावाही टिकतो. बटाटा, गाजर, मुळा, सलगम या भाज्यांना नेमकं हेच हवं असतं. खड्ड्यात रचायचं, मधे माती घालायची, वर लाकडं आणि गवत टाकून बुजवायचं आणि लागेल तसं काढायचं. आपल्याकडे पावसाळ्यासाठी फणसाच्या आठळ्या लाल मातीत घोळवून ठेवतात, त्याचीच ही थोरली बहीण.

बटाट्याला आपण पिष्टमय म्हणून नावं ठेवतो, पण त्यात थोडं का होईना क जीवनसत्त्व असतं आणि तो भरपूर खाल्ला जातो. युरोपातल्या हिवाळी स्कर्व्हीला उतार पडला त्यात बटाट्याचा वाटा मोठा होता. लडाखचं 'स्क्यू', म्हणजे कणकेचे तुकडे आणि सलगम-बटाटा-गाजर घातलेला रस्सा, हे म्हणूनच फक्त गरम काहीतरी नाही.

सादोंगची अडचण एकच. फेब्रुवारी-मार्चपर्यंत त्यातला माल सुरकुततो, कोंब फुटतात, काही सडतो. हिरवं पान तर त्यात मिळतच नाही. त्यासाठी वेगळी युक्ती लागली, आणि ती उन्हाची आहे.

थंडी आहे, पण ऊनही आहे

लडाखचा हिवाळा थंड असला तरी ढगाळ नसतो. वर्षातले बहुतेक दिवस स्वच्छ ऊन. प्रश्न होता तो रात्री ती ऊब धरून कशी ठेवायची याचा.

उत्तर दोन मार्गांनी आलं. लेहमधल्या डीआरडीओच्या 'डिहार' या प्रयोगशाळेने (तिचं एक काम उंचावरच्या सैनिकांना ताजी भाजी मिळवून देणं) जमिनीत चर खणून त्यावर प्लॅस्टिकचं आच्छादन टाकण्याची पद्धत रुजवली. स्वस्त आणि घरच्या घरी जमणारी. दुसरीकडे जेरेस ही फ्रेंच संस्था आणि स्थानिक संस्थांनी मिळून सौर हरितगृहांची रचना पक्की केली.

हे हरितगृह म्हणजे आपल्याकडच्या पॉलीहाऊससारखा प्लॅस्टिकचा बोगदा नव्हे. लांबी पूर्व-पश्चिम. तीन बाजूंना मातीच्या विटांच्या दुहेरी भिंती, मधल्या पोकळीत गवताचा भुसा. फक्त दक्षिण बाजू पारदर्शक, तीही तिरपी. कारण लेह ३४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ३२-३३ अंशच वर येतो आणि समोरून आत शिरतो. दिवसभर जाड भिंती तापतात, रात्री तीच ऊब हळूहळू आत सोडतात. संध्याकाळी प्लॅस्टिकवर कापडी पडदा ओढायचा, सकाळी काढायचा. हीटर नाही, वीज नाही.

पालक, कोथिंबीर, लसणाची पात, सॅलडची पानं अशी थंडी सोसणारी भाजी यात भर हिवाळ्यात येते. टोमॅटोची अपेक्षा ठेवू नका. घरचं भागवून उरलेल्या जुड्या बायका विकतात, आणि जानेवारीतल्या जुडीला लेहमध्ये भाव चांगला मिळतो.

याशिवाय नदीकाठी काटेरी झुडपांवर येणारी नारिंगी सीबकथॉर्नची फळं. संत्र्याच्या कित्येक पट क जीवनसत्त्व आणि चव अशी आंबट की डोळे मिटतात. पूर्वी तिचा उपयोग मुख्यतः कुंपणाला व्हायचा. आता रस बाटलीत येतो.

आता रस्ते झाले, मग प्रश्न मिटला का?

बराचसा. झोजिला खिंड २०२२ मध्ये ७३ दिवस बंद होती, २०२३ मध्ये ६८ आणि २०२५ मध्ये अवघे ३२. सोनमर्गचा बोगदा जानेवारी २०२५ मध्ये सुरू झाला. खुद्द झोजिलाखालच्या साधारण १३ किलोमीटरच्या बोगद्याचं काम चालू आहे. मनालीच्या बाजूला अटल बोगदा २०२० पासून आहे, पण त्याच्या पुढच्या खिंडी अजून बर्फात जातात. मधल्या काळात लेहला भाजी विमानाने येते आणि त्याच हिशेबाने विकली जाते.

एक गोष्ट मात्र रस्त्यांसोबत बदलते. ट्रक नियमित यायला लागला की सादोंग खणायचा कंटाळा येतो आणि जर्दाळू वाळवायला घरात तरुण हात नसतात. मग बर्फाने किंवा दरडीने रस्ता दहा दिवस जरी अडला तरी ज्याच्या घरात काहीच साठवलेलं नाही त्याची अडचण आजोबांपेक्षा मोठी होते.

आपल्याला यातलं काय घेता येईल?

कॅनडात, युरोपात किंवा अमेरिकेच्या उत्तरेला राहणाऱ्या मराठी घरांना हा प्रश्न खरोखर पडतो. जानेवारीत 'ताजी' म्हणून मिळणारी भाजी हजारो मैलांवरून आलेली असते आणि प्रवासात तिचं क जीवनसत्त्व घटलेलं असतं. तोडल्यावर लगेच गोठवलेला मटार किंवा पालक त्यापेक्षा कमी नाही, अनेकदा सरसच. फ्रोझनला नाक मुरडू नका. जोडीला मोडाची मूग-मटकी, कोबीची कच्ची कोशिंबीर, रोज एखादं संत्रं किंवा किवी. एवढ्यात काम भागतं.

घरी भाजी वाळवत असाल तर हिरवा पाला सावलीत वाळवा, उन्हात त्यातलं अ जीवनसत्त्वाचं द्रव्यही कमी होतं. चकती कट्‌कन मोडेपर्यंत वाळली पाहिजे. आत ओल राहिली तर बुरशी येते आणि अशी भाजी धुऊन वापरायची नसते, टाकायची.

लडाखहून जर्दाळू आणणार असाल तर तपकिरी, सुरकुतलेला, दिसायला जरा गरीब असा घ्या. चकचकीत नारिंगी रंग बहुधा गंधकाच्या धुरीचा असतो. रात्री भिजवून सकाळी पाण्यासकट खा. आणि बी फोडून चाखलीत तर गोड लागली तरच खा, कडू असेल तर थुंका. कडू बीमधून पोटात सायनाइड तयार होतं.