घरातील स्टिरिओ स्पीकर बदलावेत का? निर्णयापूर्वी तपासावयाच्या बाबी

घरातील स्टिरिओ संचाचा आवाज समाधानकारक वाटेनासा झाला की श्रोत्यांचे लक्ष प्रथम स्पीकरकडे जाते. हा संशय निराधार नाही. विजेच्या संकेताचे हवेतील कंपनांत रूपांतर करणारा स्पीकर हा संचातील अखेरचा दुवा असून, सीडी प्लेअर व ॲम्प्लिफायर यांच्या तुलनेत मूळ ध्वनीत सर्वाधिक फरक त्याच्यामुळेच पडतो. मात्र खालच्या स्वरांच्या बाबतीत स्पीकरइतकाच प्रभाव तो ज्या खोलीत ठेवला आहे त्या खोलीचाही असतो. त्यामुळे नव्या जोडीवर खर्च करण्यापूर्वी दोष नेमका कोठे आहे, हे निश्चित करणे आवश्यक ठरते.

शंभर वर्षांची रचना

आजच्या बहुतांश स्पीकरची मूळ रचना चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग या अमेरिकी अभियंत्यांनी १९२५ साली मांडली. चुंबकाच्या क्षेत्रात तारेचे वेटोळे हलते आणि त्याला जोडलेला शंकूच्या आकाराचा पडदा हवेला कंपित करतो, हे तिचे तत्त्व. ब्रिटनमध्ये ॲलन ब्लूमलीन यांनी १९३१ साली स्टिरिओ ध्वनीच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९५८ साली स्टिरिओ ध्वनिमुद्रिका मोठ्या प्रमाणावर बाजारात आल्या. १९५४ साली एडगर व्हिलचर यांनी पूर्णपणे बंद पेटीचा वापर करून लहान आकाराच्या स्पीकरमधूनही भरदार खर्ज मिळवून दाखवला. पुढे ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील व रिचर्ड स्मॉल यांच्या संशोधनामुळे पेटीचा आकार व शंकूचे गुणधर्म यांचा मेळ गणिताने बसवणे शक्य झाले.

या इतिहासाचा ग्राहकाच्या दृष्टीने महत्त्वाचा अर्थ असा की, संगणक किंवा मोबाइल फोनप्रमाणे स्पीकर काही वर्षांत कालबाह्य होत नाही. बीबीसीने १९७० च्या दशकात बाह्य प्रक्षेपणाच्या गाड्यांमध्ये वापरण्यासाठी विकसित केलेला ‘एलएस ३/५ए’ हा लहान स्पीकर आजही काही कंपन्या तयार करतात. चांगल्या बनावटीची वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची जोडी केवळ जुनी आहे म्हणून बदलण्याचे कारण नाही.

दोष कोठे आहे?

एका बाजूचा आवाज फाटत असल्यास तपासणीची सोपी पद्धत आहे. ॲम्प्लिफायर बंद करून त्याच्या मागील डाव्या व उजव्या स्पीकरच्या तारांची अदलाबदल करावी. संच पुन्हा सुरू केल्यावर दोष त्याच स्पीकरमध्ये राहिला, तर तो स्पीकरचा किंवा त्याच्या तारेचा असतो. दोष दुसऱ्या स्पीकरकडे गेला, तर कारण ॲम्प्लिफायरमध्ये किंवा त्याच्या आधीच्या उपकरणात शोधावे लागते. अशा वेळी नवे स्पीकर घेऊनही तक्रार कायम राहील.

तारा जोडताना लाल व काळ्या टोकांची एका बाजूस उलटापालट झाली, तर दोन्ही स्पीकरचे पडदे परस्परविरुद्ध दिशेने हलतात. परिणामी खर्ज क्षीण होतो आणि गायकाचा आवाज मध्यभागी स्थिर न वाटता विखुरतो. ही चूक सुधारण्यास काहीही खर्च येत नाही.

अनेक जुन्या स्पीकरमध्ये शंकूच्या कडेला फोमची पट्टी असते. उष्ण व दमट हवेत ती भुसभुशीत होऊन तुटते आणि खर्जात खरखर ऐकू येते. कारागीर ही पट्टी बदलून देतात व मूळ पेटी, चुंबक आणि शंकू तसेच राहतात. रबराची कडा तुलनेने अधिक टिकते. पेटीच्या आतील विद्युत मंडलातील जुने कपॅसिटरही कालांतराने निकामी होतात व बदलता येतात.

खोलीचा हिशेब

बंदिस्त जागेतील ध्वनीचा शास्त्रशुद्ध अभ्यास वॉलेस सबाइन यांनी १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात सुरू केला. तेथील एका व्याख्यानगृहात वक्त्याचे शब्द घुमत असल्याने ऐकणे कठीण झाले होते. सबाइन यांनी शेजारच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या आणून, त्यांची संख्या बदलत, आवाज विरण्यास लागणारा वेळ मोजला. मऊ वस्तू वाढल्या की घुमणे कमी होते, हे त्यातून मोजमापासह सिद्ध झाले.

सिमेंटच्या भिंती, फरशी व काचेच्या खिडक्या असलेल्या भारतीय घरांना हा धडा थेट लागू पडतो. रिकाम्या भिंतींच्या खोलीत टाळी वाजवल्यास तिचा कर्कश पडसाद ऐकू येतो. तोच पडसाद गाण्यातील शब्दांवरही चढतो. जाड पडदे, सतरंजी, गादी किंवा पुस्तकांनी भरलेले कपाट यांमुळे वरच्या व मधल्या स्वरांतील हा दोष बराच कमी होतो.

खालच्या स्वरांचे गणित निराळे आहे. समोरासमोरील भिंतींमधील अंतराच्या दुप्पट लांबीची ध्वनिलहर खोलीत विशेष जोराने घुमते. दहा फूट बाय बारा फूट खोलीत ही कंपनसंख्या सुमारे ५६ व ४७ हर्ट्झ येते. स्पीकर कोपऱ्यात ठेवल्यास हा परिणाम आणखी वाढतो आणि खर्ज ढोबळ व कोंदट वाटतो. कपाटाच्या माथ्यावर किंवा शोकेसच्या कप्प्यात ठेवलेल्या स्पीकरलाही त्याची योग्यता दाखवता येत नाही. दोन स्पीकर व श्रोता मिळून समभुज त्रिकोण व्हावा, उंच स्वरांचा लहान स्पीकर कानाच्या पातळीवर असावा आणि पेटी भिंतीपासून शक्य तितकी पुढे असावी, ही मांडणी प्रथम करून पाहावी.

कोणते संगीत, किती खोल खर्ज?

माणसाला साधारणपणे २० ते २०,००० हर्ट्झ या मर्यादेतील ध्वनी ऐकू येतात. वयानुसार वरची मर्यादा घटत जाते. काळी एक पट्टीत गाणाऱ्या गायकाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा असतो, तर त्याच्या तानपुऱ्यातील खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर बोलते. चार-पाच इंची शंकूचे अनेक स्पीकर या पातळीजवळ क्षीण होऊ लागतात. वरच्या उपस्वरांवरून कान मूळ स्वर ओळखतो, परंतु त्याचा भरीव आधार जाणवत नाही. प्रामुख्याने भावगीते, नाट्यगीते किंवा बातम्या ऐकणाऱ्यास लहान पेटी पुरेशी ठरू शकते. पखवाज, तबल्याचा डग्गा किंवा आधुनिक चित्रपट संगीत ऐकणाऱ्यास मोठ्या शंकूचा लाभ स्पष्ट जाणवेल.

मूळ मुद्रणाची मर्यादा मात्र कोणताही स्पीकर ओलांडू शकत नाही. एफएम प्रसारणात सुमारे १५,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी येतात; मध्यम लहरींवर ही मर्यादा त्याच्या निम्म्याहूनही कमी असते. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांवरील गायन उत्तम स्पीकरवर अधिक स्वच्छ ऐकू येईल, पण त्यासोबत तबकडीची खरखरही अधिक स्पष्ट होईल.

ॲम्प्लिफायरशी मेळ

एक वॅट शक्ती दिल्यावर एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज मिळतो, यावरून स्पीकरची संवेदनक्षमता ठरते. ८७ व ९० डेसिबलच्या दोन स्पीकरमधील तीन डेसिबलचा फरक किरकोळ दिसतो. परंतु तो भरून काढण्यास ॲम्प्लिफायरची शक्ती दुप्पट लागते. ॲम्प्लिफायर आठ ओहमसाठी बनवलेला असल्यास चार ओहमचा स्पीकर त्याला अधिक तापवू शकतो. खरेदीपूर्वी हे दोन्ही आकडे पडताळावेत.

ऐकून निवड

कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत व नंतर हार्मन कंपनीत काम केलेले फ्लॉइड टूल यांनी स्पीकर पडद्याआड ठेवून श्रोत्यांची मते अनेक वर्षे तपासली. डोळ्यांना काहीच दिसत नसताना बहुतेकांनी सर्व स्वर समतोल देणाऱ्या स्पीकरना पसंती दिली. टूल व शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ साली मांडलेल्या अभ्यासात, स्पीकर समोर दिसत असताना त्याच्या रूपाचा व ओळखीचा श्रोत्यांच्या गुणांकनावर परिणाम झाल्याचे आढळले.

दुकानात याचे भान ठेवणे उपयुक्त ठरते. किंचित मोठा आवाज कानाला नेहमी सरस वाटतो; म्हणून तुलना करताना दोन्ही जोड्यांची पातळी समान करून घ्यावी. विक्रेत्याच्या झगमगीत नमुन्यांऐवजी स्वतःच्या परिचयाचे मुद्रण सोबत न्यावे. शक्य असल्यास जोडी काही दिवस घरी लावून पाहावी, कारण दुकानाची खोली घरी येत नाही.

निर्णय

तारा, मांडणी व दुरुस्ती यांनंतरही खर्ज अपुरा, शब्द अस्पष्ट किंवा आवाज एकांगी वाटत असेल, तर नवे स्पीकर घेणे योग्य ठरते. संचातील अन्य कोणत्याही बदलापेक्षा त्याचा लाभ अधिक मिळतो. केवळ आवाज वाढवणे हा हेतू असेल, तर शेजाऱ्यांचाही विचार करावा लागतो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रातील मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल आहे आणि खर्जाचे स्वर भिंती सहज ओलांडतात.

नवी जोडी आणल्यानंतर जुनी लगेच विकू नये. त्याच खोलीत, त्याच जागी, समान पातळीवर दोन्ही ऐकल्यानंतरच खर्च सार्थकी लागला की नाही, हे कळते.