चाळीस शेरांचा दगड

एका वाण्याकडे मणाचा एक दगड होता. माल जोखताना तो हातातून निसटला आणि त्याचे चार तुकडे झाले. वाणी कपाळाला हात लावण्याऐवजी हसला. कारण आता त्याला एका शेरापासून चाळीस शेरांपर्यंत कुठलंही पूर्ण वजन तोलता येणार होतं. तर ते तुकडे किती किती शेरांचे?

उत्तर आहे १, ३, ९ आणि २७. दोन शेर हवेत तर तीनचा तुकडा एका पारड्यात आणि एकचा मालाच्या बाजूला. पाच हवेत तर नऊच्या समोर मालाबरोबर तीन आणि एक. आता बेरीज करा: चाळीस. आणि मण किती शेरांचा? चाळीस!

हा मेळ लक्षात आला तेव्हा मी हरखून गेलो. कोडं आपलंच, आपल्याच बाजारात जन्मलेलं, असा निकाल देऊन मोकळाही झालो असतो. पण पिसाच्या फिबोनाचीने १२०२ सालच्या आपल्या ग्रंथात हीच चार वजनं याच चाळीसपर्यंत मांडली आहेत, तीही पौंडांत. चाळीस ही तिनाच्या घातांची बेरीज. तिला मणाची गरज नाही. शिवाय आपल्या बाजारातली वजनं तिनाच्या पटीत कधी नव्हतीच. शेर, अर्धा शेर, पावशेर, अदपाव, छटाक असा सगळा अर्ध्याअर्ध्याचा कारभार. वर पाच शेरांची पासरी. कोकणात धान्य तर तोलायचे कमी आणि पायलीने मापायचे जास्त. मणही एक नव्हता: मुंबईचा जुना मण चाळीस शेरांचाच, पण भरायचा जेमतेम २८ पौंड, तर इंग्रजी सरकारचा मण ८२ पौंडांच्या वर. कोडं बाजारात जन्मलं असतं, तर त्यात नवाचं वजन कुणी घातलं असतं?

म्हणून माझा डाव दुसरा आहे. अकराव्या शतकात अमूलच्या मुहंमद इब्न अय्यूब तबरीने फारसीत व्यवहारगणित लिहिलं. फिबोनाचीच्या आधी हे कोडं तिथे सापडतं. आता आपल्या तराजूकडे बघा. रिकामी पारडी समान राहत नसतील तर हलक्या बाजूला लावतात तो पासंग. हा शब्द सरळ फारसीतून आलेला. तराजू, वजन हेही त्याच वाटेने आले. बाजाराची भाषा समुद्रावरूनही येत असणार आणि ती उतरायला रत्नागिरी जिल्ह्यातलं दाभोळ होतं. बहामनी काळात वाशिष्ठीच्या मुखावरच्या या बंदराचा होर्मुझशी राबता होता. रशियन प्रवासी अफनासी निकितिन परतीला दाभोळहूनच होर्मुझच्या गलबतात बसला. होर्मुझहून येणाऱ्या घोड्यांबरोबर एखादं कोडं उतरलं असेल, तर नवल वाटायला नको.

यावर आक्षेप ठरलेला आहे: शब्द आला म्हणून कोडंही आलं असं होत नाही. फ्रान्सच्या बाशेने १६१२ मध्ये ते छापलं, इंग्लंडच्या बॉलने १८९२ च्या गणितरंजनाच्या पुस्तकात घेतलं. तिथून एखाद्या मास्तराने पौंडाचे शेर केले असतील. असतील. पण मला दुकानदार जास्त भरवशाचा वाटतो. तेलाला रिकामी बरणी घेऊन गिऱ्हाईक आलं की तो आधी धडा करायचा: समोरच्या पारड्यात दगड, खडे, मिळेल ते टाकून बरणीचा भार मारायचा आणि मग तेल ओतायचा. मालाच्या बाजूचं ओझं हिशेबातून वजा करायचं, ही कोड्याची सगळी मेख त्याच्या हातात रोजचीच होती. आणि चाळीस पौंड म्हणजे नुसते चाळीस पौंड. चाळीस शेर म्हणजे भरलेला मण. कोडं बाहेरून आलं, पण घर त्याला इथे मिळालं, हे मी सोडणार नाही.

या कोड्याची व्हिडिओ गेममधली भावकी थोडी वेगळी. २००७ च्या ‘प्रोफेसर लेटन’ मध्ये आठ वजनांतलं एक हलकं असतं आणि ते दोनदा तोलून ओळखायचं असतं. तीन विरुद्ध तीन तोला: पारडी समान राहिली तर हलकं उरलेल्या दोघांत, नाहीतर वर गेलेल्या तिघांत. मुलं हमखास चार विरुद्ध चार ठेवतात आणि अडकतात. आठ नाण्यांचं हे कोडं ई. डी. शेल यांनी १९४५ मध्ये अमेरिकन गणित मासिकात दिलं. लगोलग बारा नाण्यांचं आलं आणि १९४६ मध्ये तरुण फ्रीमन डायसनने त्याची व्यापक सोडवणूक मांडली. वाण्याचा दगड आणि खोटं नाणं यांचं कुळ एकच, कारण तराजू तीनच उत्तरं देतो: डावं, उजवं, समान. मॉस्कोच्या ‘सेतुन’ संगणकाने हेच त्रिकूट वापरलं: उणे एक, शून्य, अधिक एक. तो १९५८ चा. त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून आपल्याकडे किलोचं राज्य सुरू झालं, हा निव्वळ योगायोग. पण मला तो सांगितल्याशिवाय राहवत नाही.

शेर गेले, तरी आजही मुलांना हे कोडं ‘चाळीस किलोचा दगड’ म्हणून घालतात.  आणि रत्नागिरीच्या बाजारात काजूगर घ्यायला गेलात, तर इलेक्ट्रॉनिक काट्याला पारडं एकच. त्यावर सत्तावीस तोला की सव्वीस, दगडाचा एकही तुकडा लागणार नाही. आकडा तो आपणच दाखवतो.